खारपाण पट्ट्यातली शाळा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के भरली. त्याच मोजणीत अकोला जिल्हा ८८.०५, अमरावती ८७.३८ आणि बुलडाणा ८३.४० टक्क्यांवर होता. म्हणजे वऱ्हाडातले हे तिन्ही जिल्हे राज्याच्या सरासरीच्या वर. आता दुसरी यादी पाहू. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. पहिल्या यादीतले तिन्ही जिल्हे दुसऱ्या यादीतही आहेत.

कोरडवाहू मुलखाच्या दैन्याची चर्चा निघाली की ‘लोक शिकलेले नाहीत हो’ हे उत्तर सभा-संमेलनांतून सहज दिले जाते. वऱ्हाडापुरते तरी ते लागू पडत नाही. इथे शाळा आहेत, शंभर वर्षांची परंपरा असलेल्या संस्था आहेत, मुलांना शिकवण्यासाठी वावर गहाण टाकणारे आईबाप आहेत. मग शिक्षणाने माणसे उभी राहिली आणि गावे मात्र खचली, असे का झाले? हा प्रश्न मला अकोल्याच्या उत्तरेला पसरलेल्या खारपाण पट्ट्याच्या आधाराने मांडावासा वाटतो. शिक्षणाची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच शाळेचा आणि जमिनीचा संबंध सर्वांत कमी, असा हा प्रदेश आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगायला हवे. पूर्णा नदी सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलडाणा असा प्रवास करत तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा सपाट, काळाभोर प्रदेश आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतली कितीतरी गावे त्यात येतात. माती पाहिली तर कोणीही हेवा करावा अशी खोल. पण खाली विहीर खणा किंवा बोअर घ्या, पाणी खारे लागते. ‘खारपाण’ या शब्दात प्रदेशाचे सारे भूगर्भशास्त्र आले. सोयरीक जुळवताना गावाचे पाणी गोडे की खारे, हे इथे अजून विचारले जाते. घागरभर पाण्यासाठी मैलभर चालण्याचे दिवस अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेने आणि अकोल्याच्या बाजूला खांबोऱ्याच्या ६४ खेडी योजनेने बरेच कमी केले, तरी नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा हिशेब बायांना ठेवावाच लागतो.

हे खारेपण समुद्राचे नव्हे. नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ, त्यातली अतिशय बारीक चिकण माती, सपाटीमुळे न होणारा निचरा आणि पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त असणारे हवामान, या सर्वांचा तो परिणाम. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यातला चुना खड्यांच्या रूपात जमिनीत बसतो आणि सोडियमचे प्रमाण वाढत जाते. सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. पावसात ते विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी आत जाणे थांबते. म्हणून इथे पावसाळ्यात वावरात पाय टाकता येत नाही, वाफसा लवकर येत नाही; आणि पाऊस उघडला की पंधरवड्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सरासरी ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही पऱ्हाटी सप्टेंबरात सुकते ती यामुळे.

अशा जमिनीत शेतकऱ्याला पाणी दिसले की ते पिकाला द्यावेसे वाटणारच. बोअरचे खारे पाणी हरभऱ्याला दिले तर एखादे वर्ष पीक बरेही येते. पण दरवर्षी दिलेल्या पाण्याबरोबर जमिनीत क्षारांची भर पडत जाते, आणि काही वर्षांत ते वावर दगडासारखे होते. ते परत जागेवर आणायला जिप्सम टाकावे लागते, ढेंचा किंवा बोरू गाडावा लागतो, निचऱ्याचे चर काढावे लागतात, आणि तरीही वर्षे जातात. कोकणात चुकीच्या सिंचनाचा फटका इतक्या झटपट आणि इतका कायमचा बसत नाही. खारपाणात तो बसतो. पाणी देण्याआधी त्याची तपासणी करायची, माती परीक्षणाचा कागद वाचायचा, त्यातला विद्युत वाहकतेचा आकडा म्हणजे काय हे समजून घ्यायचे, ही इथे जगण्याची किमान अक्षरओळख आहे. शाळेच्या दहा वर्षांत ती कुठेच भेटत नाही.

वऱ्हाडात शिक्षणाचा विचार ज्यांनी सर्वांत मोठ्या आवाक्याने केला त्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा स्वतःचा शिक्षणप्रवास पाहिला की या गोष्टीचे मूळ सापडते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत जेवढे वर्ग होते तेवढे शिकून ते चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि शेवटी एडिंबरो आणि ऑक्सफर्ड असे पुढे पुढे गेले. प्रत्येक पायरीला गाव मागे पडत होते. शेतकऱ्याच्या मुलाला शिकायचे तर दुसरा मार्गच नव्हता. बॅरिस्टर होऊन, वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ते परत आले, हे वेगळेपण. आल्याबरोबर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील आणि एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह १९२० च्या दशकात काढणे म्हणजे काय, हे त्याच काळातल्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यावरून ओळखावे. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

वसतिगृह हा शब्द आज आपल्याला साधा वाटतो. कोरडवाहू मुलखात शाळेपेक्षा वसतिगृहाने जास्त काम केले आहे, असे माझे मत आहे. पीक बुडाले की पहिला घाव मुलाच्या शहरातल्या खोलीवर आणि खाणावळीवर पडतो. छात्रालय असले की तो घाव मुलापर्यंत पोचत नाही. याच मातीतल्या गाडगेबाबांनी, ज्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेले, धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. निरक्षर माणसाला हे उमजले होते की गरिबाच्या पोराला आधी राहायला जागा लागते, पुस्तक त्यानंतर.

छात्रालयाने बहुजन समाजाची एक पिढी वर काढली. ती वकील झाली, मास्तर झाली, तहसीलदार झाली आणि अमरावती-अकोल्याला स्थायिक झाली. याला दोष देण्याचे कारण नाही. ज्यांच्या आज्याला गावच्या चावडीत बसायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी शहर ही सुटका होती आणि आहे. फक्त या सुटकेची वाट एकेरी राहिली, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

एकेरी वाट दुहेरी करण्याचा एक सरकारी प्रयत्नही याच प्रांतात झाला होता, आणि तो आज जवळपास विसरला गेला आहे. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही तिथे शाळेला जमीन द्यायची आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून मास्तरचा पगार आणि शाळेचा खर्च चालवायचा, अशी तिची रचना. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नयी तालीमचा आराखडा तयार झाला. विद्यामंदिरांसाठी वर्ध्यातच शिक्षक-प्रशिक्षण सुरू झाले.

योजना टिकली नाही. नावातल्या ‘मंदिर’ या शब्दावरून मुस्लिम समाजाचा तीव्र विरोध झाला आणि तो अखेरपर्यंत शमला नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. पण नाव दुसरे असते आणि मंत्रिमंडळ टिकले असते, तरी दोन अडचणी राहिल्याच असत्या. पहिली अशी की जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी शाळा कोरडवाहू मुलखात पावसावरच चालणार. ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्याच वर्षी मास्तरचा पगार बुडणार, म्हणजे गावाला शाळेची गरज सर्वांत जास्त असताना शाळा बंद. दुसरी अडचण खोल होती. हातात चरखा किंवा फावडे देणाऱ्या शाळेकडे गरीब आईबाप संशयाने पाहत. वकिलाचे पोर इंग्रजी शिकणार आणि आमच्या पोराने शाळेतही मातीच उकरायची का, हा त्यांचा प्रश्न होता. तो चूक होता असे मला वाटत नाही. जमिनीचे शिक्षण फक्त जमिनीत राबणाऱ्यांच्या मुलांना देऊ केले की त्याला लगेच जातीचा वास येतो. शेतीविषय शाळेत आणण्याचे पुढचे कितीतरी प्रयत्न याच खडकावर फुटले, आणि शिक्षणतज्ज्ञ मात्र ‘पालकांना श्रमाची लाज वाटते’ असे म्हणत राहिले.

याच वऱ्हाडी माणसाला शेतीच्या शिक्षणाचे वावडे नव्हते, याचा सर्वांत मोठा पुरावा अकोल्यात आहे. साठच्या दशकात राज्यातले कृषी विद्यापीठ कुठे व्हावे हा वाद पेटला. विदर्भाला डावलले जात आहे म्हणून १९६७ साली अकोल्यात आंदोलन झाले, गोळीबार झाला, त्यात तरुणांचे बळी गेले. पुढे १९६८ साली राहुरीला आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला विद्यापीठ झाले. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव मिळाले. ते स्वतः १९६५ साली गेले होते. शेतीच्या विद्यापीठासाठी प्राण देणारा समाज शेतीचे शिक्षण हलके समजतो, असे कसे म्हणता येईल? फरक एवढाच की इथे मागणी विज्ञानाची होती आणि ती त्यांची स्वतःची होती.

विद्यापीठाने काम केले. कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने आडव्या पेरणीपासून सऱ्या काढण्यापर्यंतच्या, वरून साध्या दिसणाऱ्या पद्धती वर्षानुवर्षे मोजून सिद्ध केल्या. ‘एकेए-७’, ‘एकेए-८’ सारखे देशी कापसाचे वाण इथले. संकरित आणि पुढे २००२ नंतर बीटी कापसाच्या लाटेत ते मागे पडले, तरी कमी पाण्यात आणि कमी खर्चात टिकणारा देशी कापूस खारपाणासाठी योग्य, हे आजही तज्ज्ञ सांगतात. दरवर्षी शिवार फेरीला शेतकरी गाड्या भरभरून येतात. पण या ज्ञानाला गावाकडे जाणारा रोजचा रस्ता नाही. विद्यापीठापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत भूगोलाच्या तासाला जी ‘काळी कसदार मृदा’ शिकवली जाते, ती त्याच शाळेच्या कुंपणाबाहेर सोडियमने गच्च झालेली असते. पुस्तकात ती कापसाला उत्तम म्हणून दिलेली आहे, आणि परीक्षेत तेच लिहावे लागते. दुसरीकडे, कृषी पदवी घेतलेल्या मुलांपैकी कितीतरी जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसतात. घरच्या सात-आठ एकरांवर पदवी घेऊन परत जायचे तर ती सात-आठ एकर त्याला पोसणार कशी, याचे उत्तर कोणाकडे नसते.

मी राहतो ती अकोल्याची जठारपेठ या सगळ्या प्रवासाचे शेवटचे स्थानक म्हणता येईल. बिर्ला राम मंदिर, भाजीबाजार आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींची ही वस्ती. गेल्या दोन-तीन दशकांत अकोला पश्चिम विदर्भातले खासगी शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले आणि आमच्याकडच्या वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्या वाढल्या. जूनच्या शेवटी एक दृश्य ठरलेले असते: तेल्हारा किंवा दर्यापूरकडून आलेला बाप, हातात गादीची वळकटी, पोराच्या खांद्यावर पुस्तके, आणि घरमालकाशी अनामत रकमेबद्दल हळू आवाजात चाललेली बोलणी. पेरणीचा आणि शिकवणीची फी भरण्याचा महिना एकच. बियाण्याला ठेवलेले पैसे आधी कुठे जातात, हे सांगायला नको. पुष्कळदा मुलाबरोबर आईही शहरात येते, बाप गावात एकटा राहतो, मग एखाद्या वर्षी वावर मक्त्याने दिले जाते. या मुलांतली काही डॉक्टर-इंजिनिअर होतात. त्यांचे कौतुक आम्हीच चौकात फलक लावून करतो. जी होत नाहीत ती दोन-तीन वर्षांनी परत जातात, तेव्हा त्यांना शेतीही येत नसते आणि गावात त्यांच्या वयाचे फारसे कोणी उरलेलेही नसते. गावाचे ‘समाज’ म्हणून बळ कमी होते ते असे, कुटुंबागणिक, आणि ते कोणत्याही जनगणनेत दिसत नाही.

शिकलेला आणि जाणता यांच्यातले अंतर किती जीवघेणे असू शकते, हे २०१७ च्या पावसाळ्यात जुन्या वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्याने दाखवले. कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयात गेली. फवारणारे बहुतेक मजूर होते. प्रत्येक डब्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हे चिन्ह निरक्षर माणसासाठीच योजलेले आहे. तरी त्याचा अर्थ शाळेची पायरी चढलेल्यांनाही माहीत नव्हता, कारण तो त्यांना कोणी सांगितला नव्हता. सोबतचे माहितीपत्रक इतक्या बारीक टायपात छापलेले असते की ते वाचायला साक्षरतेबरोबर भिंगही लागावे. दोन औषधे एकत्र करून फवारू नयेत, वाऱ्याच्या दिशेने चालावे, पंपाची नळी तोंडाने फुंकू नये, हे सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अर्ध्या पानात बसेल.

काय जमू शकते, याची उदाहरणेही जवळच आहेत. १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भातशेतीसाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने ‘शेतकऱ्यांची शेतशाळा’ सुरू झाली. पुढे ती आपल्याकडे आली आणि शेतीशाळा या नावाने रुळली. २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातली खारपाणाची गावेही घेतली गेली आणि तिथे शेतीशाळा भरल्या. तिची रीत साधी आहे. हंगामभर ठरावीक दिवशी पंचवीस-तीस जण एकाच वावरात जमतात, झाडे निवडून त्यांवरच्या किडी आणि मित्रकीटक मोजतात, आकडे कागदावर मांडतात आणि फवारायचे की नाही ते आपसात ठरवतात. व्याख्यान कमी, मोजणी जास्त. गुलाबी बोंडअळीचेच पाहा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, असा नियम आहे. आठपर्यंत मोजायला बालवाडी पुरते. पण रोज सकाळी उठून मोजायची आणि ती संख्या खरी लिहायची सवय लागते ती शिक्षणानेच. मला शेतीशाळेची मोठी गोष्ट वाटते ती ही, की तिथे कृषी सहायक ‘फवारा’ म्हणून सांगत नाही आणि दुकानदार तर नाहीच नाही. निर्णय गटाचा असतो. तिची उणीव अशी की प्रकल्पाचा पैसा संपला की वर्गही ओसरतो, आणि बायांची शेतीशाळा अजून अपवादानेच भरते, जरी निंदणी-वेचणीच्या निमित्ताने पीक रोज पाहणाऱ्या त्याच असतात.

दुसरे उदाहरण सातपुड्याच्या पायथ्याच्या वरूडचे. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली, त्यात कोरेगाव आणि अंबाजोगाईबरोबर वरूड होते. संत्र्याच्या बागांनी तिथले भूजल पार उपसलेले. स्पर्धेआधी गावागावांतून निवडलेल्या माणसांना काही दिवसांचे निवासी प्रशिक्षण दिले गेले: पाणलोट म्हणजे काय, समपातळी रेषा कशी काढायची, चर कुठे खणायचा. श्रमदानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यामागची ही चार दिवसांची शाळा मात्र कमी लोकांनी पाहिली.

पण इथेच एक सावधगिरी हवी. वरूडचे गणित शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या दर्यापूरला लागू होत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रभर भिंतींवर रंगवली गेली, खारपाणातही रंगवली. इथल्या मातीत पाणी मुळात जिरत नाही, आणि जे जिरते ते बहुतेक खालच्या खाऱ्या पाण्याला मिळते. खारपाणात पाणी अडवायचे ते जमिनीवर साठवण्यासाठी. ज्या चिकण मातीने शेतकऱ्याला छळले, तीच शेततळ्याच्या कामी येते: तळाला प्लास्टिक न अंथरताही पाणी टिकते, आणि ते पावसाचे म्हणून गोडे असते. एकाच जिल्ह्यात दोन गावांना दोन विरुद्ध धडे लागतात. राज्यभर एकच पुस्तक वापरणाऱ्या शिक्षणाला हे पेलत नाही. अलीकडे नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला, हे चांगले झाले. पण तो श्रेणीचा विषय. मार्चच्या परीक्षेत ज्याला गुण नाहीत, त्याचा तास गणिताच्या जादा तासासाठी जातो, हे शाळेत गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मला तर वाटते, वेगळ्या विषयाची गरजच नाही. गणिताचा तासच पुरेल. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी पडले. वर्षाचे ७५० मिलिमीटर धरले तर तीस लाख लिटर. सहावीच्या मुलाला हा हिशेब येतो, आणि आपल्या बापाच्या पाच एकरांवर दीड कोटी लिटर पाणी पडून वाहून गेले हे त्याच्या ध्यानात येते. आता शेततळे घ्या. वर ३० बाय ३०, खोली ३ मीटर, चारी बाजूंना उतार, त्यामुळे तळाशी २४ बाय २४. यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हरभऱ्याला पाच सेंटिमीटरचे एक संरक्षित ओलीत द्यायचे तर एकरी दोन लाख लिटर लागतात. ऊन आणि वारा किती पाणी उडवून नेतो ते वजा केले, तर हे तळे किती एकरांना पुरेल? दहावीच्या भूमितीत शंकुछेदाचे घनफळ आहे आणि त्याला उदाहरण बादलीचे असते. बादली काढून तिथे तळे ठेवले तर काठिण्यपातळी कमी होत नाही, शहरातल्या मुलाचेही नुकसान होत नाही. चरखा आणि फावड्याबद्दल आईबापांचा जो आक्षेप होता, तो इथे उरत नाही. ही मजुरी नाही, हे गणित आहे, आणि जठारपेठेच्या शिकवणीत बसलेल्या मुलालाही तेच सोडवायचे आहे.

अर्थात गणित सोडवायला गावात शाळा राहिली पाहिजे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून अधिक भरल्या, आणि २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. कागदावर तो पटतो: दोन शिक्षक आणि अकरा मुले असलेल्या चार शाळांपेक्षा एक चांगली शाळा बरी. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण खारपाणातला एक किलोमीटर जुलै महिन्यात चालून पाहावा. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता दरवर्षी उखडतो, पांदण रस्त्यात चिखल गुडघ्यापर्यंत चढतो, नाल्याला पूर आला की गाव दिवसभर तुटते. मुलग्याला काकाच्या मोटारसायकलवर बसवून पाठवतील, मुलीचे नाव पटावर राहील आणि ती घरी. मुलींच्या मोफत एस.टी. पासने आणि मानव विकास कार्यक्रमातल्या बसने या भागातल्या कितीतरी मुलींना बारावीपर्यंत नेले. एस.टी.च्या वेळापत्रकात एक फेरी कमी झाली की त्या मार्गावरच्या दहा-पंधरा मुलींचे शिक्षण थांबते, हा शिक्षण खात्याच्या अहवालात न येणारा आकडा आहे. शिवाय लहान गावात शाळा ही एकच पक्की सार्वजनिक इमारत असते. मतदान, लसीकरण, ग्रामसभा तिथेच होते आणि शेतीशाळेचे तक्तेही तिथल्याच व्हरांड्यात टांगले जातात. तिला कुलूप लागले की या सगळ्यांना एकत्र येण्याची जागा उरत नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्याच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. तोवर बहुधा पहिला पाऊस झालेला असतो. खारपाणातल्या एका मध्यम शाळेचे छप्पर २०० चौरस मीटरचे धरू. ७५० मिलिमीटर पावसात त्यावर दीड लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी एक लाख वीस हजार उरते. साठ मुले, रोज प्रत्येकी तीन लिटर, वर्षाचे २२० दिवस: लागतात चाळीस हजार लिटरहून थोडे कमी. म्हणजे आवारातल्या हातपंपाला खारे पाणी असलेली शाळा स्वतःच्या छपरावरच्या पाण्यावर वर्षभर मुलांची तहान भागवून उरेल एवढे साठवू शकते. लागतात पन्हाळी, गाळणी आणि झाकणबंद टाकी. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण घेऊन येते, म्हणून ते टाकीत जाऊ न देता बाजूला सोडायचे असते. त्या सरी बहुतेक वेळा शाळा उघडण्याआधी, सुटीतच पडतात. मास्तर तेव्हा तालुक्याच्या गावी असतात, म्हणून पन्हाळीचे तोंड फिरवायला गावातले कोण येणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या एप्रिलच्या बैठकीत ठरवून ठेवावे लागेल.